बारा रेघा, तीस युनिट : कराडच्या काकांचं इन्सुलिन न्यू जर्सीत

ऑगस्ट २०२३ मधला रविवार, सकाळचे साडेसात. रविवारी दुकान उशिरा उघडते, म्हणून घरीच होते. आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकांच्या मुलीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारी रात्रीचे दहा वाजले होते. "ताई, बाबांना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत. शुगर ४८ आलीय. साखर घातलीय तोंडात. इन्सुलिन तर रोजच्याएवढंच घेतलंय, बाराच."

मी म्हटलं, बाटली आणि सुई शेजारीशेजारी धर आणि दाखव. बाटलीवर १०० युनिट प्रति मिली असं छापलेलं होतं. सुईचं टोपण लाल होतं. ती सुई माझ्याच दुकानातून गेलेली.

"बाबांनी बारा नाही, तीस युनिट घेतलीत. ९११ ला फोन कर. साखर वर आली तरी थांबू नकोस, हे औषध रात्रभर शुगर खाली ओढणार आहे."

काका आता बरे आहेत. त्यांच्या आणि मुलीच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे, नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळून. मी कराडला औषधाचं दुकान चालवते. मुलाकडे, मुलीकडे परदेशी निघालेले आई-वडील सहा-सहा महिन्यांची औषधं भरायला माझ्याकडे येतात. परदेशातल्या औषधांबद्दल त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मनात ज्या समजुती असतात, त्यातल्या बहुतेक सगळ्या या एका प्रकरणात एकामागून एक पुढे आल्या. शेवटी जिथे घात झाला, ती समजूत मात्र कुणी मोठ्याने बोललंही नव्हतं, कारण ती समजूत आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. त्यात मीही आले.

रुग्ण आणि प्रवास

काकांना मधुमेह होऊन वीसेक वर्षं झाली. सकाळी न्याहारीआधी २० युनिट आणि रात्री जेवणाआधी १२ युनिट मिश्र इन्सुलिन, ज्याला आपण ३०/७० म्हणतो ते. म्हणजे ३० टक्के लगेच काम करणारं आणि ७० टक्के रेंगाळत काम करणारं, पांढुरकं, गढूळ दिसणारं. ह्यूमन मिक्स्टार्ड, ह्यूमिन्सुलिन, इन्सुजेन अशा नावांनी ते आपल्याकडे मिळतं. त्याबरोबर व्हिल्डाग्लिप्टिन-मेटफॉर्मिनची गोळी आणि बीपीची एक.

हिशेब साधा होता. दिवसाला ३२ युनिट. आपल्याकडच्या १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे एक बाटली साडेबारा दिवस पुरते. मुक्काम पाच महिन्यांचा होता, पण जावयाने कुठेसं वाचलं होतं की तीन महिन्यांपुरतीच औषधं नेता येतात. ते बरोबरच होतं. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा, पाहुण्यांसाठीचा सर्वसाधारण संकेत असा आहे की स्वतःच्या वापरासाठी ९० दिवसांपर्यंतची औषधं बरोबर असावीत, मूळ पाकिटात असावीत, आणि डॉक्टरांचं पत्र किंवा चिठ्ठी इंग्रजीत असावी. मी आठ बाटल्या दिल्या, आणि लाल टोपणाच्या सुयांचे डबे.

दोन बाटल्या काकूंच्या हातातल्या पिशवीत गेल्या. उरलेल्या सहा टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत. मी सांगितलं होतं की सगळं इन्सुलिन हातातच ठेवा. पण बाटल्या, सुया, बर्फाच्या पिशव्या हे सगळं पाहून विमानतळावर अडवतील अशी काकूंना धास्ती होती. ही पहिली समजूत. खरं तर इन्सुलिन आणि त्याच्या सुया विमानात हातातल्या सामानात नेता येतात, तपासणीच्या वेळी सांगायचं एवढंच. अमेरिकेत थंडाव्याच्या जेलच्या पिशव्याही औषधासाठी चालतात. सामानाच्या कप्प्यात मात्र इन्सुलिन गोठू शकतं, बॅग धावपट्टीवर उन्हात पडून राहिली तर तापू शकतं, आणि बॅग चुकली तर सगळंच चुकतं.

इथे बॅग चुकली. युरोपातल्या एका विमानतळावर राहिली आणि चौथ्या दिवशी घरी पोचली. मुलीने मला बाटल्या व्हिडिओवर दाखवल्या. तळहातांमध्ये हळूहळू फिरवल्यावर असं इन्सुलिन एकसारखं दुधाळ व्हायला हवं. चार बाटल्यांमध्ये गाठी तरंगत होत्या, काचेला कण चिकटले होते. उरलेल्या दोन दिसायला बऱ्या होत्या, पण त्यांनीही तोच प्रवास केला होता. सहाही टाकून द्यायला सांगितल्या. काकूंचा जीव खालीवर झाला. हजार रुपयांचा माल, आणि तो फेकायचा, हे आपल्या माणसाला सहन होत नाही.

हातात राहिल्या दोन बाटल्या. पंचवीस दिवस.

पंचवीस दिवसांत ठोठावलेली दारं

पहिल्याच आठवड्यात मुलगी काकांची चिठ्ठी घेऊन जवळच्या फार्मसीत गेली. डॉक्टर एमडी, चिठ्ठी लेटरहेडवर, खाली सही-शिक्का. तिथल्या फार्मासिस्टने नम्रपणे परत दिली. मुलीला फार लागलं ते. "आमच्या डॉक्टरांची डिग्री खोटी आहे का?" असं मला फोनवर म्हणाली. डिग्रीचा प्रश्नच नसतो. अमेरिकेतली फार्मसी साधारणपणे अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरांचीच चिठ्ठी चालवते. आपले डॉक्टर तिथे परवानाधारक नाहीत, एवढंच. त्यांनी व्हिडिओ कॉलवर तपासून नवी चिठ्ठी पाठवली असती तरी तीही तिथे चालली नसती.

आपल्याला हे इतकं खटकतं याचं कारण आपल्या काउंटरवर आहे. आपल्याकडेही शेड्यूल एचमधलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा कायदा आहेच. पण रिकामी स्ट्रिप दाखवली, "हीच द्या" म्हटलं की औषध मिळतं. दोन वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली चिठ्ठी चालते. मी स्वतः कितीतरी वेळा दिलंय, गिऱ्हाईक ओळखीचं आहे म्हणून. त्यामुळे चिठ्ठी म्हणजे औषधाचं नाव लक्षात ठेवायचा कागद, अशी आपली सवय झाली आहे. तिकडे तो अधिकारपत्रासारखा असतो.

त्या चिठ्ठीबद्दल आणखी एक सांगते, कारण पुढच्या घोटाळ्याचं मूळ तिच्यात होतं. चिठ्ठीवर कंपनीचं नाव होतं, पुढे ३०/७०, आणि पुढे २०-०-१२. आपल्याला हे वाचायला क्षणही लागत नाही. सकाळी वीस, दुपारी काही नाही, रात्री बारा. अमेरिकेत १-०-१ असं लिहायची पद्धत नाही, तिथे वाक्यात लिहितात, न्याहारीआधी अमुक युनिट, रात्रीच्या जेवणाआधी तमुक युनिट. तिथल्या रुग्णालयांत तर युनिटसाठी नुसतं 'यू' अक्षर लिहायलाही मनाई आहे, कारण घाईत लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि वीसचे दोनशे होतात. आणि काकांच्या चिठ्ठीवर एक गोष्ट नव्हतीच: एका मिलीत किती युनिट. आपल्याकडे ती कुणी लिहीत नाही. या इन्सुलिनची बाटली म्हटली की ४० चीच, हे डॉक्टरांनाही ठाऊक, मलाही ठाऊक.

दुसरं दार मुलीच्या स्वतःच्या विम्याचं. तिच्या कंपनीचा विमा चांगला आहे, नवरा-मुलं त्यात आहेत, मग वडील का नाहीत? पाहुणे म्हणून आलेले आई-वडील त्यात बसत नाहीत. कुणा ओळखीच्याने सुचवलं की तुझ्या डॉक्टरला तुझ्या नावावर लिहायला सांग. तिने विचारलं नाही, फार चांगलं केलं. विम्याची फसवणूक तर ती आहेच, शिवाय ज्या बाईला मधुमेह नाही तिच्या नोंदीत इन्सुलिन शिरतं आणि पुढे कधी ती बेशुद्ध होऊन रुग्णालयात गेली तर ती नोंद तिच्याच जिवावर उठू शकते.

तिसरं दार, प्रवासाआधी घेतलेली व्हिजिटर पॉलिसी. तिच्यात आधीपासून असलेल्या आजाराची रोजची औषधं नव्हती. बहुतेक अशा पॉलिस्यांत नसतात. काही पॉलिस्या जुना आजार अचानक उफाळला तर तेवढ्यापुरतं देतात, पण रोजची गोळी आणि रोजचं इन्सुलिन ज्याचं त्याने बघायचं.

मग काकांचा पुतण्या माझ्याकडे आला, थर्मोकोलचा डबा घेऊन. "ताई, सहा बाटल्या द्या, कुरिअर करतो." मी बसवून घेतलं त्याला. कुरिअरने औषध पाठवणं मुळातच बेकायदा, असं अनेकांना वाटतं. ते पूर्ण खरं नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर पाहुण्याला मागाहून औषध पाठवता येतं, असं एफडीए स्वतःच सांगते. त्यासोबत व्हिसा आणि पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि इंग्रजीतली चिठ्ठी लागते. गोळ्यांसाठी हा रस्ता मी स्वतः लोकांना सांगते. पण इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअसचा थंडावा लागतो. वापरायला काढलेली बाटली साध्या खोलीत महिना-सवा महिना टिकते, ते वेगळं. इथे ऑगस्टमधला प्रवास, कस्टममध्ये किती दिवस जातील याचा भरवसा नाही, डबा मध्येच उघडला गेला तर पुन्हा तसाच बांधला जाईल याची खात्री नाही. विमानातल्या बॅगेने जे केलं तेच कुरिअरच्या डब्याने केलं असतं. मी बाटल्या दिल्या नाहीत. तो नाराज होऊन गेला. पुण्यातल्या कुरिअरवाल्यानेही नंतर नाहीच म्हटलं.

गोळ्यांची गोष्ट मात्र निराळी निघाली, आणि ती सांगायलाच हवी. काकांच्या गोळ्या पोचल्या होत्या, तीन महिन्यांच्या. चौथ्या महिन्यासाठी मुलीला वाटत होतं, अमेरिकेत तर सगळं मिळतं, पैसे मोजले की झालं. व्हिल्डाग्लिप्टिनला अमेरिकेत मंजुरीच नाही. युरोपात आहे, आपल्याकडे ढिगाने खपतं, पण तिथला कोणताही डॉक्टर ते लिहून देऊ शकत नाही, कारण ते बाजारातच नाही. आपल्याकडचं ग्लिक्लाझाइड नाही, व्होग्लिबोज नाही, बीपीचं सिल्निडिपिन नाही, सांधेदुखीचं असेक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्झिब नाही, डोम्पेरिडोन नाही. काकूंच्या पर्समधल्या पाकिटात यातली दोन होती. उलट मेटफॉर्मिनबद्दल मुलीची समजूत होती की अमेरिकेत औषध म्हणजे डॉलरचा धूर. वॉलमार्टच्या यादीत साधं मेटफॉर्मिन महिन्याला ४ डॉलरला मिळतं, विमा नसला तरी, फक्त तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी हवी. महाग काय आणि स्वस्त काय, हे अमेरिकेत औषधागणिक बदलतं. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्यासाठी ऐपतीप्रमाणे फी घेणारी सरकारी मदतीवरची आरोग्य केंद्रंही तिथे आहेत. पाहुण्यांना ती सहसा कुणी सांगत नाही.

नावांचंही असंच. क्रोसिन-डोलोमधलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन म्हणून ओळखलं जातं, टायलेनॉल हा त्याचाच ब्रँड. हे माहीत नसलेला माणूस इथून नेलेली डोलोही घेतो आणि वर तिथलं सर्दीचं औषधही, आणि दोन्हींत तेच निघतं. पंपातल्या सालब्युटामॉलला तिथे अल्ब्युटेरॉल म्हणतात. दम लागलेला माणूस काउंटरवर उभा राहून वेगळंच नाव सांगत राहतो, हे किती वाईट!

शनिवार

दोन बाटल्या संपायला दोन दिवस राहिले तेव्हा शेजारच्या गुजराती बाईंनी सांगितलं, अगं, हे इन्सुलिन वॉलमार्टमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं.

मुलीला खरं वाटेना. तीन आठवडे तिने ऐकलं होतं की अमेरिकेत चिठ्ठीशिवाय काही मिळत नाही. पण शेजारीण बरोबर होती. जुन्या पद्धतीची मानवी इन्सुलिन, म्हणजे साधं, गढूळ आणि दोघांचं मिश्रण, अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या राज्यांत चिठ्ठीशिवाय विकत घेता येतात. ठेवलेली असतात फार्मसीच्या फ्रिजमध्ये, त्यामुळे मागावी लागतात. चिठ्ठी लागते ती नव्या इन्सुलिनना. वॉलमार्टमध्ये मिश्र इन्सुलिनची १० मिलीची बाटली त्यांच्या स्वतःच्या रिलायऑन नावाखाली साधारण २५ डॉलरला मिळत होती.

ती गेली. तिथे नाव नोव्होलिन ७०/३०. तिने मला संध्याकाळी, म्हणजे माझ्या मध्यरात्री, मेसेज केला होता: "ताई, इथे ७०/३० म्हणतात, उलटं आहे, चालेल ना?" मी झोपले होते. तिने इंटरनेटवर शोधलं आणि उत्तर बरोबर सापडलं: औषध तेच. आपण जलद भाग आधी सांगतो, ते रेंगाळणारा भाग आधी सांगतात. आकडे उलटे, मिश्रण एकच. तिने आणखी एक सापळाही ओळखला. जवळजवळ त्याच नावाचं नोव्होलॉग मिक्स ७०/३० निराळं आहे, ते नव्या इन्सुलिनचं मिश्रण आणि चिठ्ठीवरचं. ती शिकलेली, जागरूक मुलगी आहे. नाव तपासलं, प्रमाण तपासलं, तारीख तपासली.

काउंटरवरच्या फार्मासिस्टने विचारलं, सिरिंज हव्यात का?

ती म्हणाली, नको, आहेत आमच्याकडे, इंडियातून भरपूर आणल्यात.

मला सगळ्यात जास्त छळतं ते हे उत्तर. कारण ते अगदी शहाणपणाचं होतं. सुई ती सुई. तिच्या जागी मी असते आणि औषधांचं शिक्षण नसतं, तर मीही हेच म्हटलं असतं.

बारा रेघा

ज्यांनी इन्सुलिनची सुई हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते.

युनिट हे इन्सुलिनच्या ताकदीचं माप आहे. एक युनिट कराडला जेवढं, तेवढंच न्यू जर्सीत. पण ते किती पाण्यात मिसळलं आहे, ते ठिकाणागणिक बदलतं. आपल्याकडच्या या इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट असतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात एका मिलीत १०० युनिटची इन्सुलिन आली, आणि त्यानंतर जुन्या ४० आणि ८० च्या बाटल्या माणसांच्या वापरातून मागे पडत गेल्या.

सुईवरच्या रेघा युनिटच्या म्हणून छापलेल्या असतात, पण त्या त्याच बाटलीपुरत्या खऱ्या असतात जिच्यासाठी ती सुई बनवली. लाल टोपणाची सुई ४० च्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची १०० च्या. लाल सुईत बारा रेघांपर्यंत ओढलं की ०.३ मिली येतं. आपल्या बाटलीतून ते बारा युनिट. अमेरिकेतल्या बाटलीतून तेच ०.३ मिली म्हणजे तीस युनिट. अडीच पट. सकाळचा डोस असता तर वीसच्या जागी पन्नास झाले असते, आणि मुलगी-जावई कामावर, काका-काकू घरी दोघेच.

४० च्या इन्सुलिनची सुई अमेरिकेत अजूनही मिळते, पण कुत्र्या-मांजरांच्या मधुमेहासाठी. त्यांची काही इन्सुलिन ४० चीच असतात. त्यामुळे तिथल्या फार्मासिस्टला एखादं माणूस घरून लाल टोपणाची सुई घेऊन येईल, हे सुचण्याचं कारणच नव्हतं. इकडे मला ती सुई कुणी दुसऱ्या बाटलीसाठी वापरेल हे सुचलं नव्हतं.

खरं तर सुचायला हवं होतं. पेनमध्ये घालायच्या ३ मिलीच्या काडतुसात आपल्याकडेही १०० युनिट प्रति मिलीच असतं. पेन बिघडलं म्हणून काडतुसातून लाल सुईने ओढून घेतलेली माणसं मी आपल्याच तालुक्यात पाहिली आहेत. एका आजींची शुगर त्यात पहाटे इतकी खाली गेली होती की घरच्यांना वाटलं, अर्धांगाचा झटका आला. म्हणजे ही चूक करायला अमेरिकेला जावं लागत नाही. पेन नीट चालत असेल तर हा घोटाळा होत नाही, कारण त्यावर युनिटचाच आकडा फिरवायचा असतो. काका बाटलीवाले होते. बाटली स्वस्त पडते म्हणून.

त्या शनिवारी सात वाजता काकांनी नेहमीसारखी बाटली तळहातात फिरवली, नेहमीसारख्या बारा रेघा ओढल्या, जेवले. दहाच्या सुमारास घाम. काकूंनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. ५६. हे सगळं काकूंना पाठ होतं आणि त्यांनी ते बिनचूक केलं. फक्त त्यांना वाटत होतं की जेवण कमी झालं असेल. साखरेने आकडा वर येतो आणि माणूस झोपतो, पण या इन्सुलिनचा रेंगाळणारा भाग पुढे कितीतरी तास काम करत राहतो. काका झोपले असते तर पहाटे काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते.

रुग्णालयात रात्रभर ग्लुकोजचं सलाइन चालू ठेवलं, तासातासाला शुगर मोजली. दुपारी घरी सोडलं. तिथल्या डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली, सकाळी वीस युनिट, रात्री बारा युनिट, आणि वेगळ्या ओळीत १०० युनिटच्या सिरिंज. डोस बदलला नव्हता. लाल सुया त्यांनी मुलीसमोरच टाकून द्यायला लावल्या. व्हिजिटर पॉलिसीने बिलाला आधी जुन्या आजाराचं कारण देऊन नकार दिला. मुलीने चूक अपघाताने झाल्याची कागदपत्रं जोडून पुन्हा अर्ज केला, त्यातून काही भाग मिळाला, काही तिने भरला.

माझ्या काउंटरवर

त्या तीन आठवड्यांत सगळ्यांची भीती एकच होती की इन्सुलिन मिळणार नाही. चिठ्ठी, विमा, कुरिअर, सगळी धावपळ मिळवण्याची. आणि ते मिळालं त्याच दिवशी, अगदी सहज, २५ डॉलरला, तेव्हा काका मरता मरता वाचले. मिळालेली वस्तू तीच आहे का, एवढंच पाहायचं आम्हाला माहीत होतं. ती कोणत्या मापाने मोजायची, हा प्रश्न माझ्या दुकानातून त्यांच्याबरोबर जायला हवा होता आणि तो मी पाठवला नाही. मुलगी मला दोष देत नाही. मी देते.

आता परदेशी निघालेलं कुणी आलं की आधी विचारते, कुठे निघालात आणि किती दिवस. डॉक्टरांकडून एक पत्र मागवायला सांगते, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, ब्रँडच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने. डॉक्टरांनी मूळ नावाने आणि सुवाच्य लिहावं, असं वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्येच सांगितलेलं आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. इन्सुलिन असेल तर त्या पत्रात एका मिलीत किती युनिट आणि कोणत्या सुईने घेतात हे लिहून मागते. पाच-सहा महिन्यांचा मुक्काम असेल तर निघायच्या दोन महिने आधीच डॉक्टरांना विचारायला सांगते की बाटलीऐवजी पेन चालेल का, आणि तिकडे नसलेल्या गोळीऐवजी दुसरी इथेच सुरू करून बघता येईल का. नवीन गोळी सोसते की नाही हे कराडला कळलेलं बरं.

देशागणिक नियम निराळे, हेही सांगते. दुबईला निघालेल्या एका मुलाच्या बॅगेत ट्रॅमाडॉलचं पाकीट होतं, पाठदुखीसाठी, इथल्या डॉक्टरांनीच दिलेलं. तिथे ते आधी परवानगी घेतल्याशिवाय नेणं म्हणजे थेट पोलिसांशी गाठ. जपानला महिन्याभरापेक्षा जास्त दिवसांची चिठ्ठीवरची औषधं न्यायची तर आधी आयातीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगरचा आकडाच वेगळ्या मापात सांगतात. तिथला ६ म्हणजे आपला १०८. लेकाने लंडनहून "शुगर सहा आली" म्हटल्यावर एक आई माझ्या दुकानात रडत आली होती.

डिसेंबरमध्ये काका-काकू परत आले. तिसऱ्या दिवशी दुकानात. काका थोडे वाळले होते. त्यांनी पिशवीतून नारिंगी टोपणाच्या सुयांचा अर्धा डबा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "एवढ्या उरल्यात, आता ह्याच वापरतो. बाटली तेवढी द्या."

मी बाटली फ्रिजमधून काढलीच नाही. एक लाल सुई घेतली, त्यांच्या डब्यातली एक नारिंगी घेतली, पेल्यातलं पाणी दोन्हींत वीस रेघांपर्यंत ओढलं आणि औषधाच्या मापाच्या दोन झाकणांत वेगवेगळं सोडलं. नारिंगीतलं पाणी लालच्या निम्म्याहूनही कमी होतं. आपल्या बाटलीतून तेवढं घेतलं असतं तर वीसऐवजी आठच युनिट पोटात गेली असती, आणि या वेळी घाम फुटला नसता, थरथर झाली नसती, शुगर महिनाभर गुपचूप चढत राहिली असती.

काकू दोन्ही झाकणांवर वाकल्या. "तिकडे जास्त, इकडे कमी," त्या म्हणाल्या, आणि काकांकडे पाहिलं. काकांनी नारिंगी डबा माझ्या बाजूला सरकवला.